राधेश्यामदादांची मुलाखत

मंगळवारी दुपारी टोस्टचे शेवटचे ट्रे भट्टीतून निघाले, तेव्हा कुठे तृप्तीला मोबाइल बघायला सवड मिळाली. जालन्याच्या संस्थेचा निरोप सकाळपासून येऊन पडला होता. तिथं बेकरीचा तीन महिन्यांचा कोर्स चालतो आणि शेवटचा महिना विद्यार्थ्यांना कुठल्या तरी बेकरीत प्रत्यक्ष काम शिकावं लागतं. आमची टेंभुर्णीची बेकरी लहान आहे, पण एक विद्यार्थी आम्ही घेऊ, असं तृप्तीनंच दिवाळीनंतर कळवलं होतं. मुलाखत झाल्याशिवाय मात्र कुणाला घेणार नाही, असंही तिनं ठणकावून लिहिलं होतं.

अर्ज एकच आला होता. तिनं नाव वाचलं, वय वाचलं, मग पुन्हा नाव वाचलं आणि मोबाइल तसाच हातात धरून मागच्या खोलीत गेली. भुजंग आणि पुष्पाबाई जेवायला बसले होते.

"पप्पा, विद्यार्थ्याचा अर्ज आलाय."

"पोरगा हाये का पोरगी?"

"राधेश्याम भानुदास ठोंबरे. वय साठ. निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी."

भुजंगचा घास हातातच राहिला. पुष्पाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि सावकाश खाल्ला.

"कोणी तरी चेष्टा करून राह्यलं," भुजंग म्हणाला.

"फोटो हाये सोबत." तृप्तीनं मोबाइल पुढं केला. जाड भिंगांचा चष्मा, अर्धी पिकलेली मिशी आणि डोक्यावर पांढरी कागदी टोपी. पप्पांचे थोरले भाऊ, तिचे मोठे बाबाच होते. दाखल्यासाठी फोटो काढताना मुलं बघतात तसं ते कॅमेऱ्याकडं बघत होते.

बेकरीला एकवीस वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत राधेश्यामदादांनी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. भांडण म्हणावं तर तसं काही दिसायचं नाही. लग्नाकार्यात दोघं भाऊ भेटायचे, "बरं हाये ना?" "बरं हाये" एवढं बोलायचे. केदारखेड्याचं शेत दोघांनी मिळून एकाच माणसाला बटईनं दिलं होतं. दादांच्या लेकीच्या, आकांक्षाच्या लग्नात भुजंग तीन दिवस मांडवात राबला होता. पण दादा बेकरीत आले नाहीत. त्यांना पाव आवडत नाही, असं तृप्तीला लहानपणी कुणी तरी सांगितलं होतं आणि तिनं ते खरं धरलं होतं.

"मी न्हाई घेणार मुलाखत," भुजंग म्हणाला. "मोठ्या भावाला मी काय इचारू? आजवर त्यांनी इचारलं अन् मी सांगितलं. सरळ 'या' म्हणून कळव."

"आन् माझा नियम?"

"नियम परक्यांसाठी असतेत."

"तृप्तीचं बराबर हाये," पुष्पाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना जे, तेच त्यांना. गुरुवारी अकराला बोलव. मी बी बसते."

भुजंगनं बायकोकडं पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, पुष्पाबाई कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या आणि सलग तीन वाक्यंही कधी बोलल्या नव्हत्या. "तू? दादांपुढं? बसून काय करशील?"

"बघू," पुष्पाबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

तृप्तीला तेव्हाच वाटलं की आपण विचारणार ते प्रश्न वेगळे आणि आई विचारणार तो वेगळा.

*

गुरुवारी सकाळी भोकरदनला राधेश्यामदादा दाढी करून, पांढरा सदरा घालून आरशापुढं तिसऱ्यांदा उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते सांगितलं होतं. प्रश्न लोकांचे आणि उत्तर त्यांचं, अशी सवय होती.

"मुलाखतीत काय इचारतेत गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" सुरेखाबाई म्हणाल्या. "माझी एकदाच झाली, ती तुमच्या घरच्यांनी घेतली. चालून दाखव म्हणले."

"थट्टा नको करू. पेढे घेऊन जाऊ का?"

"मुलाखतीला पेढे नेतेत का कोणी?" त्यांनी नवऱ्याची कॉलर सारखी केली आणि हात तिथंच ठेवून म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. पुष्पा बी बसणार हाये."

"तुला कसं माहीत?"

"काल फोन आल्ता तिचा."

दोघी जावा दर सोमवारी फोनवर बोलतात, हे दादांना माहीत होतं; माहीत नसल्यासारखं ते दाखवायचे. पण काल सोमवार नव्हता.

"काय म्हणली?"

"म्हणली, ताई, मी त्यांना स्टँडवरचं इचारणार हाये. तुम्ही मधात पडू नका."

दादा पलंगाच्या कडेला बसले. "भुजंगनं सांगितलं तिला?"

"भाऊजींनी न्हाई. त्यांनी कोणालाच सांगितलं न्हाई. मी सांगितल्तं. त्याच आठवड्यात."

"आन् काल तू काय म्हणलीस?"

"मी म्हणलं, इचार."

"म्हणजे तू तिच्याकडून."

"आज तिच्याकडून," सुरेखाबाई म्हणाल्या. "तिकडून आले की तुमच्याकडून. आता उठा, गाडी जाईल."

ते उठले. गाडी किती वाजता जाईल हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण आज बायकोनं सांगितलं ते बरं वाटलं.

*

अकराला दहा कमी असताना ते बेकरीपुढं आले आणि रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभे राहिले. तृप्ती बाहेर आली.

"मोठे बाबा, आत या ना."

"अजून वेळ हाये."

"दहाच मिनिटं हायेत."

"मंग दहा मिनिटांनी येतो."

ते खरंच तसेच उभे राहिले. बरोबर अकराला त्यांनी रस्ता ओलांडला. दारात भुजंग होता. मैद्याचे हात तसेच घेऊन तो वाकला, भावाच्या पाया पडला, "बसा दादा," एवढं म्हणाला आणि जवळजवळ पळतच मागं भट्टीकडं गेला. दादांच्या काळ्या बुटांवर पांढरी बोटं उमटली. त्यांनी ती पुसली नाहीत.

दुकानामागच्या खोलीत टेबल आणि तीन खुर्च्या मांडल्या होत्या. भट्टीच्या बाजूचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि पलीकडं पीठ मळायचं मशीन घरघरत होतं. तृप्तीनं वही उघडली. पुष्पाबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या, क्षणभर खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि बसल्या. दादा ते बघून अर्धे उठले आणि पुन्हा खाली बसले.

"मी तुम्हाला काय म्हणू?" तृप्तीनं विचारलं.

"कोर्समधले पोरं काका म्हणतेत. तू मोठे बाबाच म्हण. पण प्रश्न सगळ्यांना इचारशील तेच इचार. सूट देऊ नको."

तिनं सूट दिली नाही. यीस्ट किती गरम पाण्यात भिजवायचं? "कोमट. पस्तीस ते अडतीस डिग्री." मीठ यीस्टवर का टाकायचं नाही? "यीस्ट मरतं." पाव मधून खचला तर काय चुकलं? त्यांनी तीन कारणं सांगितली, वहीत लिहिलेल्या क्रमानं. काय जमत नाही?

"नानकटाई," दादा म्हणाले. "माझी फुटते. वर्गात बाकी सगळ्या विशीतल्या पोरी हायेत, एकीची बी फुटत न्हाई. सर म्हणले, काका, तुम्ही जास्त दाबता."

"ट्रे उचलता येतील?"

"उजवा गुडघा दुखतो. पण सपाटीवर चालतं."

तृप्तीला हसू येत होतं आणि तिनं ते वहीत लपवलं. "आता शेवटचा प्रश्न. याच बेकरीत कामून शिकायचंय?"

दादांनी घसा साफ केला. स्टँडवरचा त्यांचा आवाज अजून तसाच होता, जाड आणि स्पष्ट. "सदर बेकरी ही परिसरात नावाजलेली असून—"

"थांबा," पुष्पाबाई म्हणाल्या.

त्यांनी हा शब्द भासऱ्याला उद्देशून आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. स्वतःचाच आवाज ऐकून त्या जरा थबकल्या, पण मागं सरल्या नाहीत. "पाठ केलेलं राहू द्या दादा. मला एकच इचारायचं. स्टँडवर काय झाल्तं, ते पोरीला सांगा."

पलीकडं मशीन बंद झालं.

भुजंग लोटलेल्या दाराआड उभा होता. मशीनच्या खटक्यावरचा हात त्यानं अजून काढला नव्हता. एकवीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. ती पुष्पाला ठाऊक असेल असं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. आत जावं आणि "बास" म्हणावं असं त्याला वाटलं. पाय उचलला नाही. दादा काय सांगतात ते त्यालाही ऐकायचं होतं.

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तवा हे दुकान नव्हतं," ते तृप्तीला म्हणाले. "तुझ्या पप्पानं घरामागं भट्टी घातल्ती. टोपल्यात टोस्ट भरायचा अन् गाड्यांमधून विकायचा. माझ्या स्टँडवर बी यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. एक दिवस वरचे साहेब तपासणीला आल्ते. ते म्हणले, गाडीत विकणारे चढतेतच कसे? मी माइक घेतला. भुजंग समोरच्या गाडीत होता, खिडकीतून मला दिसून राह्यलता. मी म्हणलं, ओ टोस्टवाले, गाडीतून खाली उतरा."

"एवढंच?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"न्हाई." दादांनी तोंडावरून हात फिरवला. "तो उतरला. माझ्याकडं बघत उभा राह्यला. साहेबांनी इचारलं, ओळखीचा हाये का? मी म्हणलं, न्हाई."

तृप्तीनं पेन खाली ठेवलं. तेव्हा ती चार वर्षांची होती. पप्पा घसरून पडले असं घरी म्हणाले, टोपलं सांडलं आणि नंतर आठ दिवस घरात टोस्टचा चुरा दुधात घालून खाल्ला, एवढं तिला आठवत होतं. तो चुरा तिला फार आवडायचा.

"लाज कशाची वाटली?" पुष्पाबाई विचारत होत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "टोस्टची का भावाची?"

"तवा दोन्हीची," दादा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच दिवशी यायला पाहिजे होतं. आलो न्हाई. आठवडा गेला. मंग वर्ष गेलं. जितका उशीर झाला तितकं येणं जड झालं. दहा मिनिटं उशीर झाला तरी मी ड्रायव्हरला कारण लिहायला लावायचो. माझ्या उशिराचं कारण मला लिहिता येईना."

"मंग आता कामून आले?"

"रिटायर झाल्यावर रोज स्टँडवरच जाऊन बसायचो, सवयीनं. चहासोबत टोस्ट घ्यायचो. चांगला असायचा, खुसखुशीत. सहा महिन्यांनी इचारलं, कुठला हाये हा? चहावाला म्हणला, टेंभुर्णीचा, भुजंगशेठचा." त्यांनी टेबलावरचा चष्मा जरा सरकवला. "मंग आणखी घ्यायला लागलो. कोर्सची जाहिरात दिसली, तवा इचार केला. पाहुणा म्हणून गेलो तर तुम्ही चहा पाजसाल, फरसाण द्यासाल अन् दारापर्यंत पोचवसाल. ते सगळ्यांनाच करतेत. शिकायला आलो तर महिनाभर तरी ठेवावं लागंल."

पुष्पाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. इतकी वर्षं हा प्रश्न विचारायचा म्हणून त्यांनी मनात मोठी तयारी केली होती. दादा सबबी सांगतील, साहेबावर ढकलतील, मग आपण हे म्हणू, ते म्हणू. आता त्यातलं काही म्हणायला उरलं नव्हतं आणि त्यांना उगाच थकल्यासारखं झालं.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "ठेवायचं का न्हाई ते तृप्तीनं ठरवावं."

तृप्तीला काय ठरवावं ते कळेना. म्हणून तिनं वहीतलं पुढचं काम केलं. झाकलेलं मोठं पातेलं आणून टेबलावर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. "हे पीठ पावासाठी तयार हाये का सांगा."

दादांनी चष्मा लावला. "कधी मळलं?"

"साडेदहाला."

त्यांनी मनगटावर पाहिलं. "पंचेचाळीस मिनिटं झाले. तयार हाये."

"दादा, घड्याळ कामून पाहता?" दाराआडून आवाज आला. "बोट घालून पाहा ना."

दार उघडून भुजंग आत आला. बोलून गेल्यावर त्यालाच धक्का बसला होता. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मोठ्या भावाची चूक त्यानं कधी काढली नव्हती, अगदी ती स्टँडवरची सुद्धा. पण पीठ तयार नव्हतं, आणि तयार नसलेल्या पिठाला कुणी तयार म्हटलेलं त्याला सोसवत नव्हतं.

"थंडीचे दिवस हायेत," तो हळू आवाजात म्हणाला. "आता तासभर तरी लागतो. उन्हाळ्यात अर्ध्या तासात फुगतं. पिठाला काय घड्याळ कळतं का?"

दादांनी बाही सारली आणि पिठात बोट घातलं. बोट काढल्याबरोबर खड्डा भरून आला.

"लगेच भरला," ते म्हणाले.

"म्हणजे अजून कच्चं हाये. हळूहळू भराय पाहिजे."

दादांनी मान हलवली आणि तृप्तीकडं वळले. "मंग मी नापास?"

तृप्तीनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. "ज्याला सगळं येतं त्याला शिकायला कशाला घ्यायचं?" ती म्हणाली.

"पण पाचची भट्टी असते," पुष्पाबाई मध्येच म्हणाल्या. "भोकरदनहून कसे येणार?"

"पहिली गाडी धरली तरी पोचायला साडेसहा होतील."

"मंग जमायचं न्हाई."

दादांचा चेहरा उतरला. भुजंगनं बायकोकडं असं पाहिलं, जसं काही तो आता तिच्याशी पहिल्यांदाच भांडणार होता.

"महिनाभर इथंच राहावं लागंल," पुष्पाबाई म्हणाल्या. "मागची खोली रिकामीच हाये. ताईला बी घेऊन या. एकट्या काय करतील तिथं?"

*

चहा ठेवायला पुष्पाबाई आत गेल्या, त्यांच्या मागोमाग भुजंग गेला. भांडं घेतो, साखरेचा डबा सरकवतो, असं करत तो ओट्यापाशी रेंगाळला.

"तुला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"होतं."

"एकवीस वर्षं?"

"तुम्ही म्हणले, घसरून पडलो. मी म्हणलं, बरं."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं ना." पुष्पाबाईंनी आलं ठेचून चहात टाकलं. "सांगायचं नसलेलं इचारून काढलं असतं, तर तुमच्याजवळ काय राह्यलं असतं?"

भुजंगनं उतू जाणाऱ्या चहाखालचा गॅस बारीक केला. मग त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, पंच्याचा मैदा डोळ्यांत गेला आणि डोळे आणखी चुरचुरू लागले. पुष्पाबाईंनी पदर ओला करून त्याच्या हातात दिला.

*

पावणेबाराला पीठ खरंच तयार झालं. दादा घरी जायला निघाले नव्हते आणि त्यांना कुणी तसं म्हटलंही नव्हतं. सोमवारपासून यायचं ठरलं होतं, पण ते बाह्या सारून टेबलाशी उभे राहिले. भुजंगनं पिठाचे तुकडे तोडले, दोन्ही हातांनी दोन गोळे एकदम फिरवले आणि ट्रेमध्ये ठेवले. दादांनी एक तुकडा घेतला. बराच वेळ फिरवला. ट्रेमध्ये ठेवला.

भुजंगनं त्या गोळ्याकडं पाहिलं. "न्हाई दादा, असं न्हाई."

दादांनी दुसरा केला.

"खालून फाटला. पुन्हा."

तिसरा केला. तो एका बाजूनं चपटा, दुसऱ्या बाजूनं फुगीर होता आणि त्यावर चारी बोटं उठली होती.

"दादा," भुजंग मोठ्यानं म्हणाला, "हा पाव हाये का शेणाचा गोळा?"

तृप्तीचा हात ट्रेवरच राहिला. भुजंग स्वतः पांढरा पडला. आपण काय बोललो, कुणाला बोललो, ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो एक पाऊल मागं सरकला.

दादांनी गोळा उचलला, चष्म्याजवळ नेला, उलटा करून बघितला.

"शेणाचाच हाये," ते म्हणाले. त्यांनी तो टेबलावर मोडला. "आता सांग, कुठं चुकलं."

"अंगठा..." भुजंग पुन्हा टेबलाजवळ आला. "अंगठा आत घ्या."

"मंग?"

"दाबू नका. नुसता फिरवा. तुम्ही लई दाबता."

"सर बी तेच म्हणले. मंग?"

"मंग कडा खाली घ्या. थांबा, हात इकडं करा." भुजंगनं मोठ्या भावाचा हात आपल्या हातात धरला आणि गोळ्यावर ठेवून फिरवला.

दारात पुष्पाबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. "हो ताई, महिनाभराचे कपडे भरा. दादांचे स्वेटर बी घ्या, इथं पाचला लई गारवा असतो. हो, इचारलं मी. सगळं सांगितलं त्यांनी, काही ठेवलं न्हाई. आन् ताई, आता आमचे हे त्यांच्यावर रागावले. हो, दादांवरच. चांगले मोठ्यानं रागावले."

पलीकडून सुरेखाबाईंनी विचारलं, "मंग आमचे हे काय करून राह्यले आता?"

पुष्पाबाईंनी टेबलाकडं पाहिलं. दोघांची डोकी एकाच गोळ्यावर वाकली होती.

"शिकून राह्यलेत," त्या म्हणाल्या.